कव्हरचे स्क्रू गोल झाले, एक बोल्ट तुटून आत राहिला, आता क्रँककेस बदलायचं का?

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की तू गोव्यात मोरजीला राहतोस, दीडशे सीसीची दहा वर्षं जुनी बाईक आहे, पावसाच्या आधी घरीच क्लच प्लेटी बदलायच्या म्हणून उजव्या बाजूचं कव्हर खोलायला घेतलंस, त्यात तीन स्क्रूंची डोकी गोल झाली, एका बोल्टचं डोकं तुटून हातात आलं, आणि जवळचा गॅरेजवाला म्हणतो की क्रँककेसच, म्हणजे इंजिनचं ॲल्युमिनियमचं कवचच, बदलावं लागेल. वर असंही विचारलंस की सगळेच बोल्ट फेकून चकचकीत एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं, किट टाकलं तर चालेल का.

मी डिचोलीला सव्वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधी तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवतो. एका सहा एमएमच्या बोल्टसाठी क्रँककेस बदलत नाहीत. बोल्ट निघतो, आणि नाहीच निघाला तर भोक मोठं करून आत नवे आटे बसवता येतात, आणि ते कंपनीच्या आट्यांपेक्षा मजबूत होतात. पण हे कधी, तर तू आता जिथे थांबलायस तिथेच थांबलास तर. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत बोल्टाने केलेलं नुकसान थोडं असतं, गोल झालेल्या डोक्यावर आणखी दहा वेळा पेचकस फिरवून केलेलं जास्त असतं. पेचकस पहिल्यांदा कच्च करून सरकला की हात बाजूला घ्यायचा, दुसऱ्यांदा त्याच पेचकसने प्रयत्न करायचा नाही. त्या पहिल्या कच्चला स्क्रूचं डोकं निम्मं तरी शाबूत असतं, आणि तेवढ्यावर काम होतं.

आता पेचकस का सरकला ते बघ. होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी यांच्या तंत्रज्ञानावर १९८० च्या दशकात आपल्या देशात बाईक बनायला लागल्या, त्यामुळे चौफुलीचा जो स्क्रू त्यांच्यावर आला तो जपानी मापाचा, जेआयएस. दिसायला तो फिलिप्ससारखाच, पण खाच थोडी वेगळी, आणि नेहमीच्या फिलिप्स पेचकसचं टोक त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर लावला की वर चढतं आणि खाचेच्या कडा खातं. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, टॉर्च मारून बघ. दुसरी चूक मापाची. सहा एमएमच्या स्क्रूला तीन नंबरचं टोक लागतं आणि घरात सगळ्यांकडे असतो तो दोन नंबरचा. टोक खाचेत घालून सोडून दिलं तर हलायला नको, हलत असेल तर तो पेचकस त्या स्क्रूचा नाही.

त्या तीन स्क्रूंना आता हाताचा पेचकस लावूच नकोस. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, लोखंडी दांड्यासारखा, मागून हातोडी मारली की टोक दाबूनही धरतो आणि फिरवतोही. म्हापशाला शुक्रवारी बाजाराला गेलास तर तिथल्या हत्यारांच्या दुकानात मिळेल, महाग नाही आणि जन्मभर टिकतो. आधी स्क्रूच्या डोक्यावर सपाट पंच ठेवून दोन-तीन सरळ ठोके दे, त्याने आतली पकड मोडते आणि पसरलेली खाचही थोडी आवळून येते. मग डब्ल्यूडी-४० किंवा दुसरं मुरणारं तेल मारून रात्रभर ठेव. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनलंय, गंज सोडवायला त्यापेक्षा ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मंनिम्मं मिसळलेलं चांगलं, पण ते रंग आणि प्लास्टिक खातं, कापसाने थेंबथेंब सोड. घाई करू नकोस, तेलाला वेळ लागतो.

सकाळी हीट गन घे आणि स्क्रूला नाही तर त्याच्या भोवतीच्या ॲल्युमिनियमला ऊब दे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक जास्त मोठं होतं आणि स्क्रू कमी, एवढी फट पुरते. पाण्याचा थेंब टाकला की चरचरला पाहिजे, त्याच्या पुढे नको, आत ऑइल सील आहेत, रबर आहे. पेट्रोलची टाकी आधी काढून दुसऱ्या खोलीत ठेव, हे सांगतोय ते भीती घालायला नाही, कार्बोरेटरमधून गळणाऱ्या वाफेवर हीट गन चालवणारे मी बघितलेत.

एवढं करून दोन तरी सुटतील. तिसरा हट्टी निघाला तर त्याचं डोकंच उडवायचं. ऐकायला भयानक वाटतं पण माझी सर्वात आवडती पद्धत हीच, कारण स्क्रूचा सगळा ताण डोक्याखाली असतो. डोक्याच्या मधोमध सेंटर पंच मार, आधी तीन एमएम, मग सहा किंवा साडेसहा एमएमचं ड्रिल हळू चालव, डोकं वळ्यासारखं सुटून ड्रिलवर चढतं. कव्हर निघालं की मागे जो खुंट उभा राहतो तो व्हाइस ग्रिपने, म्हणजे लॉक होणाऱ्या पकडीने, धरून बऱ्याच वेळा बोटाच्या जोराने फिरतो, इतका मोकळा झालेला असतो. एलन बोल्ट असता आणि आतला षटकोन गोल झाला असता तर पाच एमएमच्या एलनमध्ये टी-३० चं टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) टोक हातोडीने ठोकून बसवायचं, ते कडांत रुतून धरतं.

ज्या बोल्टचं डोकं तुझ्या हातात आलं त्याचंही असंच, तो बरोबर डोक्याखाली तुटला असेल तर कव्हर त्याच्यावरून सरकून येईल आणि खुंट मिळेल. कव्हर काढण्याआधी ऑइल काढलंयस ना? आणि पेचकसचं टोक सांध्यात घालून उचकटू नकोस, कव्हरला ओरखडा पडला की गॅस्केट नवीन टाकूनही तिथून ऑइल झिरपतं. रबरी किंवा लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकलं की कव्हर जागेवर धरणाऱ्या डॉवेल पिना सोडतात.

खुंट व्हाइस ग्रिपला नाही ऐकला, किंवा बोल्ट क्रँककेसच्या पातळीला तुटलेला निघाला, तर पुढचं काम वेल्डिंगवाल्याचं, आणि हे नीट वाच. तुटक्या बोल्टवर एक नट ठेवायचा, सहाच्या बोल्टला आठचा नट चालतो, त्याच्या भोकातून आत वेल्ड भरायचं, आणि लाल रंग जाऊन काळपट झाला की पान्याने हळू हळू फिरवायचं, एकदम नाही, थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं. पहिल्यांदा सुटतो तेव्हा बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. बाहेर आलेल्या बोल्टच्या आट्यांत पांढरी चुन्यासारखी भुकटी भरलेली दिसेल, ती बघून ठेव, तिच्याबद्दल पुढे बोलतो. वेल्ड ॲल्युमिनियमला सहज चिकटत नाही म्हणून केस वाचतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडायची, फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेटही काढायचा, आणि अर्थिंगचा चिमटा केसलाच तुटक्या बोल्टजवळ लावायचा, लांब चाकाबिकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडतो.

वेल्डिंगवाला नाहीच मिळाला तर ड्रिल. इथे माणसं कुठे चुकतात तर ड्रिल बोल्टच्या मधे ठेवतात, पण बोल्ट कडक आणि बाजूचं ॲल्युमिनियम मऊ, तुटलेला भाग वाकडातिकडा, ड्रिल घसरून ॲल्युमिनियममध्ये शिरतं आणि मग खरंच केसचं नुकसान होतं. यावर उपाय सोपा आहे. लेथवाल्याकडून एक छोटी बुश, म्हणजे आखूड नळी, करून घे, बाहेरून कव्हरच्या भोकात घट्ट बसेल एवढी आणि मधे तीन एमएमचं भोक. कव्हर परत जागेवर लाव, दोन बोल्ट आवळ, तुटक्या बोल्टच्या भोकात ती बुश घाल आणि तिच्यातून ड्रिल चालव, ते मधोमधच जाणार, हात हलला तरी. उलट्या आट्यांचं म्हणजे डावीकडे कापणारं ड्रिल मिळालं तर बोल्ट कधी कधी ड्रिल करतानाच निघून येतो. ड्रिल करताना क्लचच्या बाजूला कापड ठासून भर आणि ड्रिलला ग्रीस लाव म्हणजे कीस त्याला चिकटेल, लोखंडाचा कीस चुंबकाने उचलता येतो पण ॲल्युमिनियमचा येत नाही, आणि तो ऑइल पंपात गेला तर तुझी क्लच प्लेट राहिली बाजूला.

ईझी आउट, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून उलटा फिरवत घालायची ती काडी, मात्र घरी वापरू नकोस. सहा एमएमच्या बोल्टात जाणारा ईझी आउट पेन्सिलीच्या टोकाएवढा, आणि तो अतिशय कडक पोलादाचा, म्हणजे वाकत नाही, थेट तुटतो. सुरुवातीच्या काळात एका पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, गाडीत माझ्याकडून तो असाच तुटला होता. ईझी आउटवर साधं ड्रिल चालत नाही, घसरतं फक्त. शेवटी पूर्ण इंजिन उतरवून केस टूलरूमला नेलं, तिथे स्पार्कच्या मशीनवर ते जाळून काढावं लागलं. माणसाचं पोट त्या गाडीवर, पाच दिवस त्याची गाडी माझ्याकडे उघडी पडली होती, ते मला अजून विसरता येत नाही. जो बोल्ट डोकं तुटेपर्यंत सुटला नाही तो त्याच्याहून बारीक काडीने कसा सुटेल?

बोल्ट निघाला पण आटे गेले, तर हेलिकॉइल. स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं असतं. सहा एमएमसाठी साधारण ६.३ चं ड्रिल, मग हेलिकॉइलच्या किटमधलाच टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार (साधा टॅप चालत नाही), मग वेटोळं आत फिरवून वरच्या पातळीपासून पाव-अर्धा आटा खाली ठेवायचं आणि खालची दांडी तोडून बाहेर काढायची, मोजून काढायची, आत पडली तर शोधावी लागते. ऑइल ड्रेनच्या बोल्टलाही हीच पद्धत, आणि ड्रेनचेच आटे सगळ्यात जास्त जातात कारण दर सर्व्हिसला कोणीतरी आधीच्यापेक्षा थोडं जास्त आवळतं. तिथे ऑइल गळतं ते बोल्ट ढिला म्हणून नाही, तांब्या-ॲल्युमिनियमचा जुना वायसर दबून सपाट झालेला असतो म्हणून. दर वेळी नवा वायसर टाक.

आता नवे बोल्ट. नट-बोल्टच्या दुकानात जाऊन फक्त "सहाचा दे" म्हणू नकोस, जुना बोल्ट सोबत ने. सहाला १ एमएम पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आणि आठला १.२५, हे दुकानात आणि गाडीवर एकच, तिथे भानगड नाही. दहाला आहे. गाडीवर बहुतेक दहा बाय १.२५ असतो आणि दुकानदार सरळ दहा बाय १.५ देतो, दोन-तीन आटे आत जातो, मग जड लागतो, आणि माणूस पान्याला पाइप लावतो. दोन्ही बोल्टचे आटे एकमेकांत दात बसवून उजेडाकडे धर, फट दिसली की पिच वेगळा. डोकंही वेगळं निघेल, गाडीवर आठच्या बोल्टला १२ चा पाना आणि दहाच्याला १४ चा लागत असेल तर दुकानातल्याला १३ आणि १६ किंवा १७ चा लागेल, त्याने मजबुतीत काही फरक पडत नाही पण खोबणीत पाना जात नाही तेव्हा कळतं.

लांबीकडे दुर्लक्ष नको. कव्हरच्या बोल्टांच्या लांब्या सारख्या नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढ, भोकं पाड आणि काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोच. परत बसवताना सगळे बोल्ट हाताने घालून बघ, आवळण्याआधी सगळे सारखेच वर दिसले पाहिजेत, एखादा जास्त वर असेल तर तो लांब आहे. लांब बोल्ट बंद भोकाच्या तळाला टेकतो, कव्हर आवळलं जात नाही पण हाताला घट्ट लागतं. त्यात भोकात ऑइल साचलेलं असेल तर आणखी वाईट, ऑइल दबत नाही, बोल्ट पिचकारीसारखा दाब टाकतो आणि केसला चीर जाते. म्हणून प्रत्येक भोक बसवण्याआधी कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करायचं. आणि आखूड बोल्टही नको, ॲल्युमिनियममध्ये बोल्ट आपल्या जाडीच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे.

राहिला एसएसचा प्रश्न, आणि किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हा नीट समजून घ्यायला हवा. ती पांढरी भुकटी आठवते? ते ॲल्युमिनियमच आहे, खाल्लं गेलेलं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मधे खारं पाणी, की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला कमजोर धातू झिजतो. बोल्ट आणि केसच्या जोडीत कमजोर ॲल्युमिनियम. भुकटी जागा जास्त घेते म्हणून बोल्ट भोकात चिणला जातो. माझ्याकडे चोडणचा एक पायलट येतो, रोज फेरीबोटीतून रायबंदरला उतरतो, त्याच्या गाडीचे पुढचे खालचे बोल्ट आमच्या डिचोलीच्या गाड्यांपेक्षा कितीतरी लवकर धरतात, आणि तू तर समुद्राच्या वाऱ्यातच राहतोस. आता एसएसचा बोल्ट स्वतः गंजत नाही, वर्षानुवर्षं चकचकतो, पण ॲल्युमिनियमला तो साध्या झिंक प्लेटिंगच्या बोल्टपेक्षा जास्त वाईट जोडीदार आहे. झिंक ॲल्युमिनियमच्या आधी स्वतः झिजतं, केस वाचवतं. म्हणजे बाहेरून सुंदर आणि आत आटे खाल्लेले, असं एसएसचं होतं, जर कोरडा बसवला तर.

शिवाय ताकद. बोल्टवर ८.८ लिहिलेलं असतं म्हणजे तो ८०० एमपीएला तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० ला, ताणला जायला लागतो. एसएसवर ए२-७० असतं, तो ७०० ला तुटतो पण ४५० लाच कायमचा लांबायला लागतो. कव्हरला हे चालतं, तिथे एवढा भार नाही. ब्रेक कॅलिपर, डिस्क, हँडलचा क्लॅम्प, इंजिन माउंटिंग, ॲक्सल, इथे किटमधला एसएस किंवा दुकानातला बिननावाचा बोल्ट कधीही टाकू नकोस, कंपनीचाच आण, थांबावं लागलं तरी थांब, यात मी कुणाचंही ऐकत नाही. तिथला नायलॉक नट आणि कॉटर पिनही दर वेळी नवीच. आणि चुंबक चिकटला नाही म्हणजे चांगला एसएस, हे अर्धंच खरं, हलक्या प्रतीच्या एसएसलाही बऱ्याचदा चुंबक चिकटत नाही. डोक्यावर ए२-७० किंवा ए४-७० कोरलेलं बघ. ए४ म्हणजे मॉलिब्डेनम घातलेलं, खाऱ्या हवेला तेच जास्त टिकतं, काहीच कोरलेलं नसेल तर ठेवून दे.

मी तुझ्या जागी असतो तर कव्हरला झिंकचे ८.८ चे फ्लँज बोल्ट (डोक्यालाच चकती असलेले) टाकले असते, चौफुलीचा एकही नाही, आठच्या पान्याचे. दिसायला एसएसच हवे असतील तर टाक, पण प्रत्येकाच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावून, आणि दर वर्षी मिरगाच्या आधी एकेक करून काढायचे, पुसायचे, परत लावून बसवायचे. एका वेळी एकच काढ, म्हणजे गॅस्केट हलत नाही. ते अँटी-सीझ ब्रेकच्या आसपास जाऊ देऊ नकोस. सायलेन्सरच्या स्टडला तर ते लावच, तिथे उष्णता आणि मीठ दोन्ही, आणि स्टड सिलिंडर हेडमध्ये तुटला की हेड उतरवावं लागतं.

आवळताना सहाच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये १० न्यूटन-मीटर साधारण पुरे, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते धर, आणि अँटी-सीझ लावलं असेल तर थोडं कमी, कारण तेलकट आटा त्याच जोराला जास्त ताणला जातो. १० न्यूटन-मीटर म्हणजे किती, तर दहा सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचं वजन लटकवलं तर जेवढं होईल तेवढं. म्हणून कव्हरला मोठा रॅचेट घेऊ नकोस, छोटा टी पाना घे आणि तीन बोटांनी फिरव. आधी सगळे नुसते टेकव, मग समोरासमोरचे असे क्रॉसमध्ये दोन फेऱ्यांत आवळ. ऑइल भरून गाडी पाच मिनिटं चालू ठेव, थंड होऊ दे, मग सांध्याखाली कोरडा कागद फिरवून बघ. डाग आला तर आणखी आवळायचं नाही, कव्हर परत काढून गॅस्केटचा तो कोपरा बघायचा.